कॅनडा पीआर: ४०८ पॉइंटवर अडकलोय, पुढे काय करू?

गोदाकाठ | ९ फेब्रुवारी २०२५

नमस्कार मंडळी, इतकी वर्षं नुसता वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

मी ३४, मेकॅनिकल बीई, अंबड एमआयडीसीत क्वालिटीला दहा वर्षं काढली. बायको ३१, मुलगा चार वर्षांचा. कॅनडाच्या एक्स्प्रेस एंट्रीचं (पॉइंटवर पीआर, म्हणजे तिकडे कायम राहायचा परवाना देणारी योजना) डोक्यात आहे. मी आयईएलटीएस जनरल दिली, लिसनिंग ८, बाकी तिन्ही ७, म्हणजे सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी) ९ झालं. हिशोब असा: वयाचे ७५, डिग्रीचे ११२, इंग्रजीचे ११६, अनुभव-शिक्षणाच्या जोडीचे ७५, झाले ३७८. बायकोच्या शिक्षणाचे १०. तिनेही आयईएलटीएस देऊन ९ काढलं तर आणखी २०. सगळं ओढूनताणून ४०८.

इथल्या एका कन्सल्टंटकडे जाऊन आलो. तो म्हणतो अडीच लाख भरा, प्रोफाइल टाकून ठेवू, कटऑफ कधीतरी खाली येतोच, २०२१ ला तर ७५ ला आला होता. ऐकायला बरं वाटलं पण घरी येईपर्यंत पोटात गोळा आला. अडीच लाख म्हणजे गंमत नाही. जाणकारांनी सांगा, भरू का?

मिसिसागाचा_मामा | ९ फेब्रुवारी

नका भरू.

ते ७५ चं प्रकरण प्रत्येक एजंट सांगतो आणि अर्धंच सांगतो. १३ फेब्रुवारी २०२१ चा ड्रॉ (कटऑफच्या वरच्यांना अर्जाला बोलावण्याची फेरी), एका दिवसात २७,३३२ लोकांना बोलावलं, खरंय. पण तो फक्त कॅनेडियन एक्स्पीरियन्स क्लाससाठी होता, म्हणजे ज्यांनी आधीच कॅनडात वर्षभर काम केलंय ते. कोविडमुळे सीमा बंद, बाहेरून कुणी येईना, म्हणून आत होते त्यांनाच पक्कं करून टाकलं. नाशिकमध्ये बसलेल्या माणसाचा त्याच्याशी काडीचा संबंध नव्हता.

मी २०१८ ला आलो तेव्हा ४४० च्या आसपास काम व्हायचं. आता ते दिवस गेले. सगळ्यांसाठी खुला असा शेवटचा ड्रॉ गेल्या एप्रिलमध्ये झाला तो ५२९ ला. परवाचा ५२१ परत आतल्यांचाच. ४०८ वर नुसतं प्रोफाइल टाकून ठेवायला पैसे लागत नाहीत हो, फुकट आहे ते, अर्ध्या तासाचं काम. वर्षभर राहतं, संपलं की परत टाकायचं.

तिरकस_तात्या | ९ फेब्रुवारी

रुमाल टाकून ठेवतो. अडीच लाखात फुकटचा फॉर्म भरून देणारा माणूस बघायचाय मला, ऑटोग्राफ घेईन.

अडगुलं_मडगुलं | १० फेब्रुवारी

गोदाकाठ, एक शंका. जोडीदाराच्या शिक्षणाला १० म्हणजे वहिनी मास्टर्स आहेत. कशात? आणि काय करतात सध्या?

गोदाकाठ | १० फेब्रुवारी

एमएस्सी नर्सिंग. एका खाजगी हॉस्पिटलला आयसीयूत आहे, आधी दुसरीकडे होती. मुलाच्या वेळी वर्षभर घरी होती, तेवढं सोडलं तर पाचेक वर्षं भरतील. पण मेन अर्जदार मी आहे.

अडगुलं_मडगुलं | १० फेब्रुवारी

अहो पण का??

मिसिसागाचा_मामा | १० फेब्रुवारी

हा हा हा. सोनं घरात आणि हा कथील विकायला निघालाय.

अडगुलं_मडगुलं | १० फेब्रुवारी

थांबा, नीट मांडते. २०२३ च्या जूनपासून कॅटेगरीप्रमाणे ड्रॉ होतात. हेल्थकेअरचा वेगळा, फ्रेंचवाल्यांचा वेगळा, ट्रेड्सचा वेगळा. हेल्थकेअरचा गेल्या फेब्रुवारीत ४२२ ला झाला होता, नोव्हेंबरमध्ये ४६३. रजिस्टर्ड नर्स त्या यादीत आहेच.

आता वहिनींना मुख्य धरून मोजा. वय ३१, जोडीदारासह ९०. मास्टर्स १२६. सीएलबी ९ आलं तर ११६. मास्टर्स आणि इंग्रजीच्या जोडीला ५०, अनुभव तीन वर्षांच्या वर म्हणून अजून ५०. झाले ४३२. तुमच्या बीईचे ८ आणि तुमच्या इंग्रजीचे २०. एकूण ४६०. सीएलबी १० काढलं तर ४७२. तीच दोन माणसं, तेच घर, नुसती वरची-खालची ओळ बदलली तर बावन्न ते चौसष्ट पॉइंट वाढतायत. तुमच्या कन्सल्टंटने हे मोजूनच बघितलं नाही?

गोदाकाठ | १० फेब्रुवारी

त्याने विचारलंच नाही. आत गेल्यावर माझ्यासमोर फॉर्म ठेवला आणि हिला चहा विचारला.

खरं सांगायचं तर मीही विचार केला नव्हता. आणि तिकडे जाऊन ती कामाला आणि मी घरी असं व्हायला नको, हेही डोक्यात आहे. मी क्वालिटीतला माणूस, तिकडे मला काय मिळणार?

तिरकस_तात्या | १० फेब्रुवारी

मेन अर्जदार हा फॉर्मवरचा रकाना आहे हो, सत्यनारायणाला बसायचं नाहीये. पीआर दोघांना सारखाच मिळतो, काम दोघंही करू शकतात.

रात्रपाळी | १२ फेब्रुवारी

मी वरच्या धागाकर्त्याची बायको. आज नाइट संपवून आले आणि यांनी चहाबरोबर मोबाइल पुढे केला, म्हणाले वाच. सगळं वाचलं. अडगुलं ताई, मनापासून आभार. चहा मी त्या दिवशी नको म्हटला होता, हेही नोंदवून ठेवते.

मी करते अर्ज. आता भराभर सांगा, कुठून सुरू करू? डिग्री माहेरच्या नावावर आहे, पासपोर्ट सासरच्या. आणि एक, २ सप्टेंबरला मला ३२ लागतात.

अडगुलं_मडगुलं | १२ फेब्रुवारी

३२ लागले की ९० चे ८५. म्हणजे तुमच्याकडे साडेसहा महिने आहेत. आधी ईसीए, म्हणजे परदेशी डिग्री तिकडच्या कशाच्या बरोबरीची याचा अहवाल, कारण त्यालाच वेळ लागतो. वेस किंवा बाकीच्या मान्य संस्थांपैकी कुठलीही चालते, डॉक्टर आणि फार्मासिस्टांना मात्र वेगळी ठरलेली संस्था लागते, नर्सना ती भानगड नाही. तुमचं विद्यापीठ नाशकातच असेल तर अर्धं काम झालं, स्वतः जाऊन पाठपुरावा करा. ईसीए पाच वर्षं चालतो, आयईएलटीएस दोनच.

शून्याखाली_तीस | १३ फेब्रुवारी

नावाचं मी सांगते, मी यात पोळलेय. नुसतं आडनाव बदललं असेल तर मॅरेज सर्टिफिकेटवर काम होतं. माझं पहिलं नावच बदललेलं. लग्नात नवऱ्याने ताटातल्या तांदळात अंगठीने नाव लिहिलं, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आणि दहा वर्षांनी ते दोन नावांचं कोडं मला विनिपेगच्या वाटेवर सोडवावं लागलं. मार्कशीटवर आडनाव आधी, मग माझं, मग वडिलांचं. पासपोर्टवर नवीन नाव, मधे नवऱ्याचं. परदेशातल्या माणसाला वाटणार की या दोन वेगळ्या बायका. शेवटी राजपत्रात नाव बदलाची नोंद होती ती कामाला आली. तिची आणि मॅरेज सर्टिफिकेटची इंग्रजी भाषांतरं करून जोडली, सोबत दोन्ही नावांची मीच ती असं प्रतिज्ञापत्र.

फॉर्ममध्ये इतर नावं विचारतात तिथे सगळी टाका. माहेरचं, सासरचं, मार्कशीटवरचं उलटं, सगळी. लाजू नका.

रात्रपाळी | १३ फेब्रुवारी

माझं पहिलं नाव बचावलं. तांदूळ होते पण सासूबाई म्हणाल्या, आहे ते छान आहे.

मामलेदार_मिसळ | १५ फेब्रुवारी

एजंटांच्या विषयावर माझे दोन शब्द. मी फसलेला माणूस आहे. आमच्या एजंटने खातं त्याच्या ईमेलवर उघडलं, पासवर्ड त्याच्याकडे, आम्हाला नुसते व्हॉट्सअॅपवर 'डन सर'. माझा पूर्वी अमेरिकेचा व्हिसा एकदा नाकारलेला, मी त्याला सांगितलं होतं, त्याने फॉर्ममध्ये 'नाही' टाकलं, म्हणे कशाला उगाच. वर्षभराने तिकडून पत्र आलं की माहिती का लपवली, उत्तर द्या. यात दोषी ठरलं की पाच वर्षं बंदी. एजंटने फोन उचलणं बंद केलं. मी स्वतः रात्र रात्र जागून उत्तर लिहिलं, तरी अर्ज नाकारला गेला, नशीब बंदी तेवढी नाही आली.

नंतर कळलं की पैसे घेऊन सल्ला द्यायचा असेल तर तिकडच्या कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सकडे नोंदणी लागते नाहीतर वकील लागतो. नोंदणी साइटवर कुणालाही तपासता येते. आमच्या महाराजांचं नाव नव्हतंच. आणि असला माणूस फॉर्मवर स्वतःचं नाव प्रतिनिधी म्हणून टाकतच नाही, म्हणजे कागदोपत्री सगळं तुम्ही भरलेलं.

गोदाकाठ | १५ फेब्रुवारी

बाप रे. आत्ताच तपासलं. आमच्यावाल्याचंही नाव नाही.

रात्रपाळी | २१ मार्च

अपडेट. वेसचे कागद विद्यापीठातून गेले. आयईएलटीएस झाली. लिसनिंग ८, रीडिंग ८, रायटिंग ७, स्पीकिंग ७.५. म्हणजे दोनात सीएलबी १० आणि दोनात ९. एकूण ४६६ होतायत. नोव्हेंबरचा कटऑफ ४६३ होता, मग चालेल ना? परत अठरा हजार घालायचे जिवावर आलंय.

आणि खरी अडचण वेगळीच. अनुभवाचं पत्र. आत्ताच्या हॉस्पिटलने नीट दिलं. आधी जिथे तीन वर्षं होते तिथल्या एचआरला सांगितलं की एनओसीप्रमाणे कामाचं वर्णन हवंय, तर तो म्हणाला, मॅडम तुम्ही तर सोडून गेलात, आता कसली एनओसी? त्याला ना हरकत वाटली. मी समजावलं की हा कॅनडाचा नोकऱ्यांचा कोड आहे, तुमची हरकत असली तरी चालेल. मग दोन ओळींचं पत्र दिलं: 'त्यांनी येथे काम केले. त्यांची वर्तणूक चांगली होती.' पदाचं नाव 'पेशंट केअर एक्झिक्युटिव्ह'. व्हेंटिलेटरवरचे पेशंट सांभाळले हो मी तिथे, एक्झिक्युटिव्ह कुठली!

मिसिसागाचा_मामा | २२ मार्च

पत्र लेटरहेडवर, त्यात पद, कुठून कुठपर्यंत, आठवड्याचे तास, पगार आणि भत्ते, आणि मुख्य म्हणजे तुम्ही करत काय होता. सही करणाऱ्याचं नाव-हुद्दा. पद काहीही छापलेलं असो, अधिकारी कामं वाचतात. नर्सचा कोड ३१३०१, त्याच्याशी कामं जुळली पाहिजेत. पण त्या साइटवरची वाक्यं उचलून चिकटवू नका, वाचणाऱ्याला ती पाठ असतात.

एचआर देत नसेल तर तुमच्या मेट्रनला गाठा. त्यांनी साध्या कागदावर सविस्तर लिहून द्यायचं, नोटरी करून घ्यायची. सोबत ते दोन ओळींचं पत्र, अपॉइंटमेंट लेटर, पगाराच्या स्लिपा, फॉर्म १६, बँकेत पगार जमा झाल्याच्या नोंदी. आणि एचआरला ईमेलवर विचारा, तो नाही म्हणाला की तो नकारही जोडा. तोंडी नकाराला किंमत नाही.

अडगुलं_मडगुलं | २२ मार्च

आयईएलटीएस परत द्या. ४६३ हा मागचा आकडा आहे, पुढचा नाही. रायटिंगला अर्धा आणि लिसनिंगला अर्धा बँड वाढला की ४७२. सहा पॉइंटसाठी अठरा हजार जास्त वाटतात, पण सप्टेंबरनंतर तेच पाच तुमचे आपोआप जाणारेत.

बोन्जूर_बारामती | २४ मार्च

फ्रेंचचा कुणी विषय काढला नाही म्हणून. २१ तारखेच्या फ्रेंच ड्रॉमध्ये ३७९ वाल्यांना बोलावलं, साडेसात हजार लोक. चारही भागांत लेव्हल ७ लागते, टीईएफ किंवा टीसीएफ या फ्रेंचच्या परीक्षांत. वर पन्नास जास्तीचे पॉइंट. पण 'तीन महिन्यांत फ्रेंच' वाल्या जाहिरातींना भुलू नका. मला दीड वर्ष लागलं आणि त्यात माझी बायको माझ्याशी तीन वेळा बोलायची बंद झाली, कारण मी भाजीवाल्याला मेर्सी म्हणत होतो.

गोदाकाठ | २ एप्रिल

मेट्रन मॅडमचा किस्सा सांगायलाच हवा. आता रिटायर, सिन्नरला असतात. आम्ही तिघं गेलो. त्यांनी आधी पोराला चिवडा दिला, मग चष्मा लावून माझं टाइप केलेलं पत्र वाचलं आणि बाजूला ठेवलं. म्हणाल्या, हे तुमचं आहे, माझं नाही. आणि पेन घेऊन बसल्या. रात्री किती बेड, सेंट्रल लाइनची काळजी, क्रॅश कार्टची तपासणी, नवीन मुलींना शिकवणं, सगळं आठवून आठवून दोन पानं लिहिली. मधेच हिला विचारलं, तो बेड सातचा मुलगा आठवतो का? दोघी गप्प झाल्या. मी अंगणात जाऊन उभा राहिलो. दहा वर्षांच्या संसारात हिचं काम म्हणजे नक्की काय ते त्या दिवशी कळलं मला. मग आम्ही ते टाइप करून आणलं, त्यांनी नोटरीसमोर सही केली.

तिरकस_तात्या | २ एप्रिल

आज तिरकस काही सुचत नाहीये.

रात्रपाळी | १४ एप्रिल

आता पैसे. तिघांच्या कुटुंबाला २२,४८३ डॉलर दाखवायचे. आमची एफडी आहे, यांचा पीएफ आहे, पाथर्डी फाट्याला एक प्लॉट आहे, थोडं सोनं.

शून्याखाली_तीस | १४ एप्रिल

एफडी मोडता येण्याजोगी असेल तर धरा. पीएफ, प्लॉट, सोनं विसरा. कर्ज काढून तर मुळीच नाही. बँकेचं पत्र लेटरहेडवर हवं: खातं कधी उघडलं, आजची शिल्लक, सहा महिन्यांची सरासरी, अंगावरची कर्जं. आमच्या ब्रँच मॅनेजरने सरासरी हा शब्द ऐकून मला बसायला खुर्ची दिली आणि स्वतः उठून गेला. नमुना छापून न्या, सोपं जातं.

आणि हा आकडा दरवर्षी बदलतो, काठावर ठेवू नका.

रात्रपाळी | १५ एप्रिल

वडिलांनी यंदाच्या द्राक्षाचे चार लाख दिलेत, मार्चमध्येच माझ्या खात्यात टाकले. त्यांचं गिफ्ट डीड करून घेते, त्यांच्या खात्याचं स्टेटमेंटही. ते म्हणाले, बाग विकायची नाही, द्राक्षं विकायचीच असतात.

रात्रपाळी | ४ जून

आयईएलटीएस दुसऱ्यांदा: ८.५, ८, ७.५, ७.५. झाले ४७२! प्रोफाइल मे मध्येच टाकलेलं, अपडेट केलं.

आणि कटऑफ बघा. २ मे ला ५१०. आज ५०४. पाचशे-पाचशे जणांनाच बोलावतायत. हात टेकले मी.

मिसिसागाचा_मामा | ५ जून

थोडे बोलावले की कटऑफ वरच राहणार, सरळ हिशोब आहे. एकदा तीन-चार हजारांचा ड्रॉ काढला की धपकन खाली येईल. या वर्षी एकूण पीआरचं लक्ष्यच ३,९५,००० वर आणलंय, पण हेल्थकेअर त्यांना हवंच आहे. उगाच आशा लावत नाही, पण प्रोफाइल तसंच राहू द्या. आणि मार्चच्या शेवटी नोकरीच्या ऑफरचे ५०-२०० पॉइंट काढून टाकलेत, तेवढ्याने पुढचे थोडे खाली आले असणार.

कडू_कारलं | ६ जून

लोकहो, कुणीतरी हेही सांगा की पीआर मिळाला म्हणजे नर्सचं लायसन्स मिळालं असं नाही. माझी बहीण एडमंटनला आहे. एनएनएएस या संस्थेकडून नर्सिंगचे कागद तपासून घेणं, मग प्रांताच्या नर्सिंग संस्थेकडे अर्ज, मग एनसीएलएक्स ही लायसन्सची परीक्षा. आयसीयूत आठ वर्षं काढलेली बाई तिथे पहिलं सव्वा वर्ष हेल्थकेअर एड होती, म्हाताऱ्यांना आंघोळी घालत होती. ती म्हणते कामाची लाज नाही वाटली, कुणी तिला काही विचारायचं नाही याचं वाईट वाटायचं. आता झाली आरएन (रजिस्टर्ड नर्स). पण कागदपत्रं भारतात असतानाच सुरू करा, नर्सिंग कौन्सिलचं व्हेरिफिकेशन तिकडून बसून करणं म्हणजे फोनवर पोहायला शिकणं.

रात्रपाळी | ६ जून

हे कडू नाही हो, हेच हवं होतं. एनएनएएस या आठवड्यात सुरू करते, ड्रॉ होवो न होवो.

गोदाकाठ | २३ जुलै

काल ४७५. चार हजार लोक. तीन पॉइंट. तीन!

ती काही बोलली नाही, ड्युटीला गेली. मी बसून तिचं प्रोफाइल दहा वेळा उघडून बघितलं, जणू बघून पॉइंट वाढणारेत. पैशाचा आकडाही या महिन्यात २३,३६० झाला, तो मात्र आमच्याकडे आहे, द्राक्षांची कृपा.

अडगुलं_मडगुलं | २३ जुलै

आता तिच्यावरचे लोक कमी झालेत हे लक्षात घ्या. २ सप्टेंबरच्या आत एक ड्रॉ हवा फक्त.

तिरकस_तात्या | २३ जुलै

मी देव वगैरे मानत नाही. पण परवा काळारामावरून जाणार आहे, सहज.

रात्रपाळी | २० ऑगस्ट

४७०.

काल रात्री ड्युटीवर होते, फोन लॉकरमध्ये. पहाटे बाहेर आले तर यांचे सतरा मिस्ड कॉल, मला वाटलं पोराला काही झालं. घाबरून लावला तर पलीकडून हे नुसते 'आलं, आलं' म्हणतायत. काय आलं ते सांगेनात. नंतर कळलं आयटीए, म्हणजे अर्जाचं आमंत्रण, आलं. पार्किंगमध्ये अॅक्टिव्हावर बसून रडले, वॉचमनने पाणी आणून दिलं.

मार्चमध्ये ४६६ वर थांबले असते तर आज नाव नसतं. अडगुलं ताई, तुमचा पत्ता कळवा, बेदाणे पाठवते.

अडगुलं_मडगुलं | २० ऑगस्ट

आई गं. ऑफिसमध्ये बसून डोळे पुसतेय. बेदाणे हवेतच.

आता साठ दिवस आहेत. ३२ ची काळजी सोडा, आयटीए नंतर आलेल्या वाढदिवसाने पॉइंट जात नाहीत. फी दोघा मोठ्यांची प्रत्येकी १,५२५ डॉलर, मुलाची २६०, वर बायोमेट्रिक्स. पीसीसी (पोलिसांचा दाखला) पासपोर्ट सेवा केंद्राचीच काढा, दोघांची.

मिसिसागाचा_मामा | २० ऑगस्ट

अभिनंदन! एक नवीन नियम उद्यापासून लागतोय: २१ ऑगस्टपासून मेडिकल अर्जाच्या आधीच करून त्याचा पुरावा जोडायचा. पूर्वी अर्ज टाकून पत्राची वाट बघायचो, आता नाही. त्यांच्या यादीतल्याच डॉक्टरकडे, अपॉइंटमेंट आजच घ्या.

रात्रपाळी | २१ ऑगस्ट

मुंबईची शनिवारची मिळाली. पंचवटी एक्स्प्रेसने जातोय तिघं. एकच विचारते, पोराचाही छातीचा एक्स-रे काढतात का? तो इंजेक्शनपेक्षा अंधाऱ्या खोलीला जास्त घाबरतो.

शून्याखाली_तीस | २१ ऑगस्ट

अकरा वर्षांखालच्यांचा सहसा काढत नाहीत. वजन-उंची बघतात, डॉक्टर तपासतात, झालं. त्याचा पासपोर्ट आणि लसीकरणाचं कार्ड न्या. आणि खाऊ न्या, तिथे फार वेळ बसवतात.

गोदाकाठ | २१ ऑगस्ट

फॉर्ममध्ये माझा रकाना आता 'सोबत येणारा जोडीदार' आहे. मीच भरलाय. खाऊचा डबाही माझ्याकडेच आहे.